बर्फाची दरड

मुलाने कोणता छंद लावून घ्यावा, हे काही बापाला विचारून ठरत नाही. आमच्या चिरंजिवांनी लहानपणी पोस्टाची तिकिटे जमवली. मग बासरी आणली. ती दोन महिन्यांनी माळ्यावर गेली. त्यामुळे कॅनडात कॅल्गरीला नोकरी लागल्यावर त्याने फोनवर "बाबा, मी स्नोमोबाईल घेतोय," असे सांगितले, तेव्हा मी फारसा घाबरलो नाही. तीही यथावकाश माळ्यावर जाईल, अशी माझी समजूत होती. २०२३ च्या जानेवारीत आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो आणि ते धूड प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा माळ्याचा विचार सोडून द्यावा लागला. पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे दातेरी लांब रबरी पट्टा, मध्ये मोटारसायकलीसारखी बैठक. आणि वजन, वर बसलेला माणूस धरून, तीनशे किलोच्या घरात.

"हे घेऊन जातोस कुठे?" मी विचारले.

"डोंगरात."

"तिथे रस्ता असतो?"

"रस्ता नसतो तिथेच तर मजा असते, बाबा."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ चाळीस वर्षांच्या संसारात मला पाठ झाला आहे. तो असा, की 'तुम्ही काही बोलणार आहात की नाही?' मी बोललो. त्यावर चिरंजीव म्हणाले, "मी अजून नवशिका आहे. आधी दोन दिवसांचा वर्ग करणार आहे, हिमस्खलनाचा. तुम्हीही चला. पटलं नाही, तर मी हे विकून टाकीन."

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. 'हिमस्खलन म्हणजे काय?' हा प्रश्न मी परीक्षेत दोन गुणांना किती वेळा घातला असेल, त्याची गणती नाही. पण खरे सांगायचे तर मी बर्फ पाहिला होता तो रसवंतीगृहातला. आणि हिमस्खलन हा शब्द आपल्या घरात येतो तो वर्तमानपत्रातून. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचिनवर आपले दहा जवान त्यात गेले, त्यांत साताऱ्याकडचाही एक होता. तेव्हा चार दिवस तो शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. मास्तराला उतारवयात विद्यार्थी होण्याची संधी कितीदा मिळते? मी निघालो. हीही निघाली, पहारा करायला.

वर्ग होता रेव्हेलस्टोक नावाच्या गावी. कॅल्गरीपासून पश्चिमेला चारशे किलोमीटरवर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात. दोन्ही अंगांना डोंगर, त्यांवर हाताने सारवल्यासारखा बर्फ, आणि मधून काळी रेघ ओढावी तसा हमरस्ता. रॉजर्स पास नावाचा घाट लागला, तसे रस्त्यावर जागोजाग काँक्रीटचे छप्पर घातलेले दिसू लागले. एका बाजूने उघडे, दुसऱ्या बाजूने डोंगराला टेकलेले. वरून बर्फ सुटला, की त्याने छपरावरून दरीत निघून जावे आणि खालून मोटारी चालू राहाव्यात, अशी ती सोय. एवढ्यानेही भागत नाही. मोठा बर्फ साचला, की रस्ता बंद करून सैन्य तोफा डागते आणि टांगलेला बर्फ आपल्या सोयीच्या वेळी खाली पाडून घेते.

याच घाटात ४ मार्च १९१० च्या रात्री आगगाडीच्या रुळांवर बर्फ कोसळला. तो उपसायला मजुरांची टोळी गेली. ती उपसत असताना समोरच्या डोंगरावरून दुसरा लोंढा आला. ५८ माणसे गेली. त्यांतले ३२ जण जपानहून पोटासाठी आलेले होते. चिरंजीव गाडी चालवीत हे सांगत होता आणि मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. माझ्या मनात मात्र कशेडीचा घाट आला होता. आम्ही मूळचे पोलादपूरकडचे. आम्हांला हिमस्खलन ठाऊक नसेल, पण दरड ठाऊक आहे. मी म्हटले, "म्हणजे ही बर्फाची दरडच की!" तो म्हणाला, "तेच. फक्त ही दरड बहुतेक वेळा माणूस स्वतः पाडतो."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात मला नीट समजले. शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या. त्यांनी पहिल्यांदा आमचा एक गैरसमज काढून टाकला. सिनेमात कोणी ओरडते आणि डोंगर ढासळतो, तसे होत नाही. आवाजाने बर्फ सुटत नाही. सुटतो तो वजनाने. माणूस सापडून मरतो अशा बहुतेक हिमस्खलनांत ते सुरू करणारा तो स्वतः किंवा त्याचा सोबती असतो. इंजिनाचा आवाज घातक आहे, तो निराळ्याच कारणाने. पायाखालचा थर बसतो तेव्हा 'धप्प' असा खोल आवाज येतो. तो डोंगराने दिलेला इशारा. पायी चालणाऱ्याला तो ऐकू येतो. यंत्रावर बसलेल्याला येत नाही. म्हणून मधूनमधून यंत्र थांबवावे, उतरावे, आणि गप्प उभे राहावे.

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो, तो थराथरांनी साचतो, हे मला पुस्तकातून माहीत होते. पण उतरत्या पाटावर साखर पसरावी, तिच्यावर मोठी भाकरी ठेवावी आणि भाकरीवर बोट दाबावे, म्हणजे काय होईल, याचा विचार मी केला नव्हता. भाकरी अखंड खाली येते. कडक कोरड्या थंडीत बर्फाचे कण साखरेसारखे रवाळ होतात, एकमेकांना धरीत नाहीत. त्यांच्यावर पुढचा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो, आणि वरून सगळे सुरेख, पांढरे, निष्पाप दिसते. त्या वर्षी नोव्हेंबरच्या थंडीत तळाशी असाच रवाळ थर झाला होता, आणि तो हिवाळाभर तसाच दबा धरून बसला होता. रेव्हेलस्टोकलाच हिमस्खलनाचा रोजचा अंदाज देणाऱ्या संस्थेचे मुख्य ठाणे आहे. त्या संस्थेने लोकांना पुन्हापुन्हा बजावून सांगितले होते.

मग कोन आले. मास्तर म्हणून मला बरे वाटले. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा टिकतो, फार चढावर तो साचतच नाही. आणि दैवयोग असा, की या यंत्रांना खेळायला आवडतो तोही नेमका हाच उतार. सरळ वर चढवायचे, दम संपला की वळून खाली यायचे. ज्याची खूण सर्वांत उंच, तो शूर. दहीहंडीचाच प्रकार म्हणा ना. आधी दहा जण वर जाऊन आले म्हणजे उतार भरवशाचा, असेही नाही. अकराव्याचे वजन जिथे थर पातळ आहे तिथे पडते, आणि सगळा उतार सुटतो. उतार मोजायला चिरंजिवाने एक छोटे कोनमापक घेतले होते. शाळेत याच मुलाने कंपासपेटीतले कोनमापक तीनदा हरवले होते.

धोक्याच्या अंदाजाला पाच पायऱ्या असतात: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त आणि अत्यंत. बाईंनी विचारले, "तिसऱ्या पायरीला तुम्ही काय कराल?" माझ्या शेजारच्या एका तरुणाने खांदे उडवले. पाचांत तीन म्हणजे मधलेच की! मला आमची शाळा आठवली. तिथे पाचांत तीन म्हणजे पोरगा चांगला पास. बाई म्हणाल्या, "चौथ्या-पाचव्या पायरीला पुष्कळ लोक घरी बसतात. तिसरीला निघतात, आणि तिथेच घात होतो." तिसऱ्या पायरीचा अर्थ असा, की माणसाच्या वजनाने बर्फ सुटण्याचा चांगलाच संभव आहे.

दुपारी त्यांनी एक घडलेली हकिकत सांगितली. २८ डिसेंबर २००८. याच प्रांतातल्या फर्नी गावाजवळ अकरा जण यंत्रे घेऊन डोंगरात गेले होते. सारे एकमेकांचे दोस्त. पहिल्या लोंढ्यात सात जण गाडले गेले. उरलेले चौघे धावत आले आणि उकरू लागले. तेवढ्यात दुसरा लोंढा आला. अकरांपैकी तिघे जगले.

वर्ग गप्प झाला. बाई सावकाश म्हणाल्या, "या खेळात माणसं मरतात ती पुष्कळदा अशी: एक जण उतारावर अडकतो, दुसरा त्याला काढायला जातो. एका यंत्राचं वजन उतारानं सोसलेलं असतं, दुसऱ्याचं सोसत नाही. म्हणून उतारावर एका वेळी एकच. दोस्त अडकला, तर त्याला त्याचं त्याला निघू द्या. तुम्ही उताराच्या तोंडासमोरून बाजूला, सुरक्षित जागी उभे राहा, यंत्राचं तोंड पळायच्या दिशेला ठेवा, आणि वर बघा. आणि कुणी गाडला गेलाच, तर उकरायला जाण्याआधी एकाला निवडा. त्यानं दुसरं काहीही करायचं नाही. फक्त वर बघायचं."

मी वही मिटली.

मी अकरा वर्षांचा असेन. आमची वाडी वीस घरांची, डोंगराच्या कुशीत. आषाढाचे दिवस, तीन दिवस पाऊस हटला नव्हता. सकाळी वरच्या अंगाच्या एका गोठ्यावर माती आली. धाकटे काका पेज पीत होते. वाडगे तसेच ठेवून, कुदळ घेऊन ते धावले. सहा-सात माणसे माती उपसू लागली. मी पडवीत उभा राहून पाहत होतो. गोठ्याच्या वर, चढावर एक फणस होता. तो मला कललेला दिसला. आदल्या दिवशी तो सरळ होता. मला वाटले, वाऱ्याने कलला असेल. मी पुन्हा माणसांकडे पाहू लागलो. सगळेच माणसांकडे पाहत होते. थोड्या वेळाने पाहिले, तो फणस जागेवर नव्हता. काका आणि आणखी दोघे गेले.

आमच्या घरात ही गोष्ट नेहमी एकाच वाक्यात सांगितली जाई: 'मदतीला गेला आणि गेला.' आजी ते वाक्य सांगताना रडत नसे, ताठ बसे. फणसाचे मी कुणालाही सांगितले नाही. आईला नाही, लग्नानंतर हिलाही नाही. साठ वर्षे झाली.

त्या रात्री मोटेलच्या खोलीत मी ते दोघांना सांगितले. ही काही बोलली नाही. उठून तिने खोलीतल्या त्या किटलीत चहाचे पाणी ठेवले. चिरंजीव बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडीत बसला. मग म्हणाला, "बाबा, वर बघायचं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." मी म्हटले, "काकांनाही नव्हतं."

दुसरा दिवस प्रत्यक्षाचा, एका सपाट मैदानावर. प्रत्येकाच्या छातीशी पट्ट्याने बांधलेला ट्रान्सीव्हर. साबणाच्या वडीहून थोडे मोठे यंत्र. डोंगरात ते सारखे संदेश पाठवीत असते. कोणी गाडला गेला, की बाकीच्यांनी आपापली यंत्रे शोधण्याच्या खुणेवर फिरवायची; मग ती गाडलेल्याचा संदेश पकडतात, बाण आणि आकडा दाखवतात. आकडा कमी होत गेला, की आपण जवळ जातो आहोत. मग बर्फात लांब घडीची सळई खुपसत जायचे. ती मऊ काही लागून थांबली, की तिथेच रोवून ठेवायची आणि उताराच्या खालच्या अंगाने फावड्याने उकरायचे. लोंढा थांबल्यावर बर्फ काँक्रीटसारखा आवळतो. हातांनी उकरणे शक्य नसते. ट्रान्सीव्हर, सळई आणि फावडे या तीन वस्तू अंगावर हव्यात, यंत्राच्या खणात नव्हे. कारण यंत्रही गाडले जाते.

बाईंनी एका पिशवीत चालू ट्रान्सीव्हर घालून ती बर्फात पुरली आणि घड्याळ लावले. चिरंजीव धावला. बाण पाहत, आकडे मोठ्याने म्हणत, तो मोठ्या आत्मविश्वासाने वळला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी माझे यंत्र फिरवायला विसरलो होतो! पिशवी राहिली बर्फात आणि मुलाने शोधून काढला जिवंत बाप. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "आता चार मिनिटं गेली," एवढेच त्या म्हणाल्या.

ही चार मिनिटे म्हणजे काय, ते सांगतो. लोंढ्यात आपटून वाचलेला माणूस बर्फाखाली गुदमरतो. दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जगतात. मग आकडा झपाट्याने घसरतो. अर्ध्या तासापर्यंत दहांपैकी तीनच उरतात. गावातून मदत यायला अर्ध्या तासाहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे वाचवणारे असतात ते सोबतचेच. धावायचे तर आहेच. पण आधी वर बघून, आणि हात बसलेला असताना. पहिल्या खेपेस आम्हांला पिशवी काढायला एकवीस मिनिटे लागली. संध्याकाळपर्यंत आठ. हीसुद्धा फावडे घेऊन उतरली. तिच्या उपसण्यात लय होती; लहानपणी माहेरच्या विहिरीचा गाळ काढल्याचे तिने तेव्हा प्रथम सांगितले.

सोमवारी चिरंजीव, त्याचा नागपूरकर दोस्त आणि दोन जुने जाणते असे चौघे डोंगरात निघाले. सकाळी चहाबरोबर अंदाज वाचला: वर उघड्या डोंगरावर तिसरी पायरी, खाली झाडीत दुसरी. ठरले, की झाडीतच राहायचे, मोठ्या उताराखालून जायचे नाही. गाड्या लावायच्या जागेपलीकडे वाटेच्या तोंडाशी एक फलक होता. चालू ट्रान्सीव्हर घेऊन त्याच्यासमोरून गेले, की दिवा लागतो. चौघे एकामागून एक गेले. चार वेळा दिवा लागला. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसे. मग आवाज करीत ती धुडे झाडीत शिरली आणि आम्ही दोघे गाडीत बसून राहिलो. हिने जपमाळ आणली होती. मी आणली नव्हती याचे मला वाईट वाटले.

चारला येणार होते, पावणेपाच झाले. त्या पाऊण तासाबद्दल मी लिहीत नाही.

आले ते चौघेही आले. नागपूरकराने शिरस्त्राण काढले, तो घामाने निथळत होता. "बघा ना काका," तो म्हणाला, "परतताना मोह झाला, एका बारक्या उतारावर गेलो आणि रुतलो. घराच्या छपराएवढा उतार! तुमचा मुलगा शंभर पावलांवर उभा, पण जागचा हलला नाही. एकट्यानं चाळीस मिनिटं उकरत होतो. आणि हा नुसता वर बघत उभा!"

चिरंजीव काही बोलला नाही. गाडीच्या मागे जाऊन तो यंत्र बांधू लागला. मी दुसरा पट्टा धरला. बांधताना तो हळूच म्हणाला, "फार जड गेलं, बाबा. तो हाका मारत होता." मी म्हटले, "ठाऊक आहे." आणि पट्टा ओढला.

स्नोमोबाईल विकायची गोष्ट त्यानंतर निघाली नाही. मला भीती वाटत नाही असे मुळीच नाही. डोंगर कुणाचा मामा नव्हे, आणि हुशार, शिकलेली माणसेही त्यात गेली आहेत. पण आता माझ्या भीतीला करायला काही काम आहे. त्यांच्याकडचा हिवाळा सुरू होतो तो आपल्या दिवाळीच्या सुमारास. उन्हाळाभर ट्रान्सीव्हरमधले सेल काढून ठेवतात आणि मोसमाच्या आरंभी नवे घालतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे इकडे आमची उटण्याची वाटी भिजलेली असते, तिकडे आदली संध्याकाळ असते, आणि फोन येतो. फराळ पोचला का, चकल्या मोडल्या का, हे हिचे प्रश्न आधी होतात. मग ती फोन माझ्याकडे देते.

"सेल बदललेस?"

"कालच बदलले, बाबा. दोस्ताचेही."

"फावडं?"

"पाठीवरच्या पिशवीत."

एवढे झाले, की मी पाटावर बसतो आणि हिला म्हणतो, आता तेल लाव.